शोभाबाईंच्या वहीतला तिसरा रकाना

कंप्युटरसमोरून उठताना मी न चुकता विंडोजचं बटण आणि एल दाबतो. पडद्याला कुलूप लागतं, मगच माझी खुर्ची मागे सरते. चंद्रपूरच्या आमच्या कचेरीत यावरून माझी थट्टा होते. नुसतं पाणी प्यायला उठलो तरी मी हे करतो. ही सवय माझी नाही, शोभाबाईंची आहे. धानोऱ्याला असताना मी उठलो की त्या पडद्यावरची नजर न हलवता विचारायच्या, "भाऊ, दार लोटलं काय?"

विंडोज आणि एल म्हणजे दार लोटणं. कंट्रोल-झेड म्हणजे 'परत ये'. आल्ट-टॅब म्हणजे 'शेजारी डोकाव'. एक्सेलमध्ये वरच्या घरातलं खाली उतरवणारं कंट्रोल-डी म्हणजे 'वाढ खाली', पंगतीत वाढतात तसं. अशी नावं त्यांनी सगळ्या बटणांना दिली होती आणि ती मला इतकी चिकटली की आजही बोटं कंट्रोल-झेडवर गेली की ओठ 'परत ये' म्हणतात. त्यांच्याकडून घेतलेलं सगळं माझ्याकडे शाबूत आहे. मी त्यांच्याशी जे केलं तेही.

मी भद्रावतीचा. कंप्युटरचा डिप्लोमा करून धानोऱ्याच्या एका सरकारी कचेरीत कंत्राटावर डेटा एंट्रीला लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत होती. मागच्या खोलीत दोन टेबलं, दोन कंप्युटर, आणि भिंतीला लागून वनहक्काच्या दाव्यांचे गठ्ठे. ते सगळे कंप्युटरात चढवायचे, एवढंच काम. खिडकीबाहेर मोहाचं झाड होतं. मार्चमध्ये त्या वासानं दुपारी डोळे मिटायचे. माझे मिटायचे, शोभाबाईंचे नाही.

त्या तेव्हा पस्तिशीच्या असतील. सुती साडी, कपाळावर बारीक टिकली, आणि पदर मागून उजवीकडून पुढे घेऊन घट्ट खोचलेला. पहिल्या दिवशी मला दिसलं की त्यांच्या टेबलावर माऊस नाही. वायर गुंडाळून तो ड्रॉवरमध्ये ठेवलेला होता.

"बिघडला काय?" मी विचारलं.

"नाई जी, चांगला आहे. मले लागत नाई. उगाच जागा अडवते."

त्यांचा वेग मी पाहत राहिलो. त्या वेगाचा सगळा आवाज एकाच बाजूनं येतो, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. ते कळलं तिसऱ्या दिवशी. त्या जेवायला गेल्या असताना माझा कंप्युटर हँग झाला म्हणून मी त्यांच्या कंप्युटरवर बसलो. शिफ्ट एकदा दाबून सोडला की तो दाबलेलाच राहायचा. मला वाटलं, कीबोर्ड गेला. मी स्क्रू-ड्रायव्हर आणला, कीबोर्ड उलटा केला, चार स्क्रू काढले, आणि पाचवा काढत असताना त्या दारात उभ्या राहिल्या.

"काय करून राह्यले भाऊ?"

"बाई, तुमचा शिफ्ट अडकून राह्यला."

त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की दाराला टेकल्या, आणि हसता हसता पदर सुटला. उजवा हात कोपराच्या खाली चार बोटांवर संपला होता. त्यांनी लगेच पदर ओढला, पण हसू तसंच ठेवलं, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

"तो अडकला नाई. मी त्याले थांबवून ठेवलं आहे," त्या म्हणाल्या.

शिफ्टचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की विंडोज विचारतो, स्टिकी कीज चालू करू का. हो म्हटलं की शिफ्ट, कंट्रोल, आल्ट ही बटणं धरून ठेवावी लागत नाहीत. एकदा दाबून सोडली की पुढचं बटण दाबेपर्यंत ती वाट पाहतात. दोन हातांचं काम एका हातानं, एकापाठोपाठ एक करता येतं. मी डिप्लोमा केला होता आणि मला हे माहीत नव्हतं. शोभाबाई त्याला 'थांबता शिफ्ट' म्हणत.

मराठी टंकलेखनात शिफ्टवाचून पान हलत नाही. क साधा, ख ला शिफ्ट. त साधा, थ ला शिफ्ट. ब साधा, भ ला शिफ्ट. "चंद्रपूर लिहायले शिफ्ट लागत नाई, गडचिरोलीलेबी नाई," त्या म्हणायच्या, "पण धानोऱ्याले लागते. आन् माह्या नावात त शिफ्ट दोन-दोन. बापानं ठेवतानी विचारच नाई केला!"

हाताबद्दल त्या एकदाच बोलल्या, तेही मी न विचारता. विसाव्या वर्षी गावात धान मळायच्या मशीनमध्ये पेंढी सारताना हात ओढला गेला. ठरलेलं लग्न मोडलं. घरी बसून राहायचं नाही म्हणून त्या गडचिरोलीला टायपिंगच्या क्लासात गेल्या. तिथला माणूस म्हणाला, बाई, हे दहा बोटांचं काम आहे. "म्या म्हटलं, मग मले पाचाचं शिकवा. त्याले येत नव्हतं. मंग मीच शिकली." एवढं सांगून त्यांनी पुढचा दावा उघडला.

बटणांच्या या युक्त्या लिहायला त्यांच्याजवळ एक वही होती, शाळेच्या पोरांची असते तशी. आतल्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले. पहिल्यावर लिहिलं होतं विंडोज, दुसऱ्यावर मॅक, तिसऱ्यावर लिनक्स, कंप्युटर चालवणाऱ्या तीन प्रणाली. डाव्या हाताचं त्यांचं अक्षर मोठं आणि मागे झुकलेलं होतं. पहिला रकाना भरगच्च होता. दुसरा भरला तो माझ्यासमोर.

पुण्याहून एक मुलगी दाव्यांचा अभ्यास करायला आली होती. तिच्या मॅकवर शोभाबाईंनी तिला एक मराठी अर्ज टाईप करून द्यायचं ठरलं. त्यांनी मजकूर निवडला, कंट्रोल-सी केलं, कंट्रोल-व्ही केलं. काही नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि मिनिटभर कीबोर्ड नुसता पाहिला, नवीन घरात गेल्यावर माणूस चूल कुठे आहे ते पाहतो तसा.

"इथला कारभारी कोन आहे?"

मुलीनं स्पेसबारशेजारचं कमांडचं बटण दाखवलं. कॉपी, पेस्ट, सेव्ह, परत ये, सगळं त्याच्यासोबत.

"म्हंजे गाव तेच, पाटील बदलला!" शोभाबाई म्हणाल्या, आणि पुढचाच प्रश्न त्यांनी विचारला, "थांबता शिफ्ट कुठी आहे याच्यात?" त्या मुलीलाही माहीत नव्हतं. दोघींनी मिळून सेटिंगमध्ये शोधून काढलं. संध्याकाळी वहीत उतरलं. मग तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून त्या मला म्हणाल्या, "हा लिनक्स काई आपल्याकडे येत नाई. भाऊ, तुमाले कुठी भेटला त सांगजा."

"सांगीन ना," मी म्हटलं.

धानोऱ्यात वीज जायची तेव्हा सांगून जायची नाही. माझं अर्ध्या तासाचं काम गेलं की मी टेबलावर हात आपटायचो. शोभाबाईंचं कधी एका ओळीपेक्षा जास्त गेलं नाही. प्रत्येक ओळीनंतर कंट्रोल-एस, श्वास घेतल्यासारखं. एकदा जिल्ह्याहून मोठे साहेब आले आणि त्यांच्यासमोरच शोभाबाईंचा कंप्युटर अडकला. साहेब पाठीशी उभे. शोभाबाईंनी एका बोटानं कंट्रोल दाबला, सोडला. आल्ट दाबला, सोडला. डिलीट दाबला. पडदा बदलला. साहेब म्हणाले, "अरे, हे तिन्ही एकदम दाबावे लागतात ना?"

"एकेक करूनबी होते साहेब. मशीनले घाई नाई रायत. माणसाले रायते."

साहेबांनी चहा तिथेच मागवला आणि निघताना आमच्या साहेबांना म्हणाले, या बाईंना सोडू नका.

तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो. दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. तिसऱ्या वर्षी पत्र आलं की कंत्राटी लोकांमधून परीक्षा घेऊन काही जणांना कायम करणार, धानोऱ्याला एक जागा. म्हणजे आम्ही दोघं आणि एक खुर्ची. ज्याची निवड होणार नाही त्याचं कंत्राट महिनाअखेर संपणार होतं.

अर्जात अपंग उमेदवाराला सवलत मागण्यासाठी एक चौकट होती. जास्तीचा वेळ, लेखनिक, जे लागेल ते. शोभाबाईंनी ती मोकळी सोडली. "मले काऊन पाह्यजे सवलत? पाच वेळा शिफ्ट दाबला का झालं." मला ते तेव्हा थोडं घमेंडीचं वाटलं होतं हेही लिहून टाकतो. जिंकणाऱ्याच्या बोलण्यात आपल्याला घमेंड ऐकू येते. त्या माझ्यापेक्षा वेगवान होत्या, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

परीक्षा रविवारी होती, गडचिरोलीच्या एका खाजगी लॅबमध्ये. लॅबचा माणूस माझ्या ओळखीचा. गुरुवारी त्याचा फोन आला, तीस मशीन मांडायच्या आहेत, ये हात लावायला. मी स्वतः परीक्षेला बसणार होतो. जायला नको होतं, पण गेलो. पहिलाच कंप्युटर चालू केला आणि पडद्यावर विंडोज नव्हतं. तिसाच्या तीस मशीनवर लिनक्स होतं.

मी त्या खुर्चीवर बसलो आणि शिफ्ट पाच वेळा दाबला. काही झालं नाही. सेटिंगमध्ये गेलो, अॅक्सेसिबिलिटी उघडलं, टायपिंग उघडलं. तिथे स्टिकी कीजसमोर एक बंद खिट्टी होती. ती चालू केली, थांबता शिफ्ट चालू झाला. पुन्हा बंद केली. एवढंच मी केलं. कुणी विचारलं तर मी म्हणू शकतो की मी काहीच बिघडवलं नाही, जसं होतं तसं ठेवलं.

शुक्रवारी दुपारी डबा खाताना शोभाबाईंनी विचारलं, "काल गेले होते ना लॅबात? कसे आहेत तिथले कंप्युटर?"

माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ माझ्याकडे होता.

"आपल्यासारखेच," मी म्हटलं.

"मंग बरं आहे," त्या म्हणाल्या आणि माझ्या डब्यात वांग्याची भाजी वाढली.

मी खूप कारणं जमवली आहेत. बायकोला सातवा महिना होता. आई रोज फोनवर पक्क्या नोकरीचं विचारायची. शोभाबाई एकट्या, गावात भावाचं घर, त्यांचं कसंही भागेल असं मी मनात ठरवून टाकलं होतं. यातलं कुठलंही कारण त्या एका शब्दाच्या आधी माझ्या मनात आलं नव्हतं. शब्द आधी निघाला, कारणं नंतर शोधली. शनिवार आख्खा मोकळा होता. एक फोन केला असता तर त्यांनी संध्याकाळपर्यंत ती खिट्टी कुठे असते ते शोधून वहीत लिहून घेतलं असतं. माझ्या हातात फोन होता. मी केला नाही.

रविवारी त्या माझ्यापासून दोन ओळी पुढे, उजवीकडे बसल्या. परीक्षा सुरू व्हायच्या आधी मला आवाज आला. टक, टक, टक, टक, टक. मग थोडी शांतता. मग पुन्हा पाच वेळा, जरा जोरात. त्यांनी डावा हात वर केला. पर्यवेक्षक आले. शोभाबाई हळू आवाजात काही सांगत होत्या. पर्यवेक्षकांनी हातातला कागद पाहिला आणि म्हणाले, "अर्जात तुम्ही सवलत मागितलेली नाही बाई. आता मशीनमध्ये काही बदल करता येणार नाही."

त्या मागे वळल्या. सगळ्या लॅबमध्ये त्यांच्या ओळखीचा मी एकटाच होतो. मदत मागावी म्हणून वळल्या नव्हत्या, नुसत्या वळल्या, गोंधळलेलं माणूस वळतं तशा. मी माझ्या पडद्याकडे पाहत राहिलो. पडदा तेव्हा कोरा होता.

घंटा झाली. उतारा सरकारी भाषेतला, ध, भ, थ आणि ठ यांनी भरलेला. दोन-तीन ओळी त्यांनी डाव्या हातानंच ओढून पाहिल्या, करंगळीनं शिफ्ट धरून अंगठ्यानं अक्षर गाठायचं. पोहोचत नव्हतं. मग त्यांनी जे केलं ते मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांनी खोचलेला पदर सोडला, मागे टाकला, आणि उजव्या हाताचं टोक कीबोर्डच्या कडेला टेकवून त्यानं शिफ्ट दाबायला लागल्या. तीन वर्षांत कचेरीत त्यांनी तो हात कुणाला दिसू दिला नव्हता. हसताना पदर सुटला तरी आधी पदर सावरणारी ती बाई लॅबभर अनोळखी लोकांमध्ये उघड्या हातानं टाईप करत होती. हाताचं टोक रुंद. शिफ्टसोबत शेजारचंही बटण दाबलं जायचं, मग ते पुसायचं, मग पुन्हा. तरी त्या थांबल्या नाहीत. वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हाही त्यांचा हात चालूच होता.

निवड माझी झाली. त्यांच्या चुका जास्त निघाल्या.

यादी लागली त्या दिवशी त्या म्हणाल्या, "चांगलं झालं भाऊ. आता बाळ येईन, घरी पक्की नोकरी पाह्यजेच." मी पेढे आणले. त्यांनी एक घेतला, खाल्ला. मग वही काढली, पेन काढला आणि पहिल्या पानावरचा कोरा तिसरा रकाना उघडला.

"तिथी लिनक्स होता म्हणे. त्याच्यात थांबता शिफ्ट कसा चालू करायचा, तुमाले माहीत आहे काय?"

'नाही' म्हणणं इतकं सोपं होतं. पण काहीतरी परत द्यावं अशी मला घाई झाली होती. मी धडाधड सांगून टाकलं. सेटिंग, मग अॅक्सेसिबिलिटी, मग टायपिंग, वरून पहिली खिट्टी. आणि पाच शिफ्टनं चालू व्हायला पाहिजे असेल तर तिथेच कीबोर्डवरून चालू करायची आणखी एक खिट्टी. त्या लिहीत गेल्या. लिहून झालं. पेनाचं टोपण दातानं धरून लावलं.

"कवा शिकले हे तुम्ही?"

"आत्ताच... मोबाईलवर पाह्यलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दाव्याचा एखादा कागद असतो, सही आहे, शिक्का आहे, सगळं आहे, पण कागद खोटा आहे हे त्यांना बघताक्षणी कळायचं. तसं पाहिलं. मग वही मिटली आणि त्या दिवसाचे उरलेले दावे चढवायला बसल्या. महिनाअखेरपर्यंत त्या रोज वेळेवर आल्या. माझ्याशी बोलणं तसंच ठेवलं, फक्त माझ्या डब्यात काही वाढलं नाही.

चार वर्षांनी मी चंद्रपूरला बदलून आलो होतो आणि एका कामासाठी पुन्हा धानोऱ्याला जाणं झालं. आठवडी बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या तोंडाशी एका लहानशा खोलीत शोभाबाई लोकांचे ऑनलाईन अर्ज भरून देतात असं कळलं. मी गेलो. बाहेर बाकावर सात-आठ माणसं बसली होती. मी शेवटी बसलो. माझ्यापुढचा माणूस उठेपर्यंत सांगायचं ते सगळं मनात जुळवून ठेवलं.

"या भाऊ. काय काम काढलं?"

"काम नाई बाई. एक सांगायचं होतं. परीक्षेच्या आधी, गुरुवारी... मले माहीत होतं तिथी लिनक्स आहे म्हणून."

"होय. मले तवाच समजलं. तुम्ही खिट्टी वरून पयली म्हटली ना, तवा."

"मंग बोलल्या काऊन नाई? तक्रार केली असती..."

"कोनाची? मशीनची?" त्यांचा हात कीबोर्डवरच होता. "तुमाले नोकरी पाह्यजे होती, मलेबी पाह्यजे होती. त्याच्यात काई चुकलं नाई. पण तुमच्या जागी मी असती त सांगितलं असतं."

मी माफी मागितली. शब्द बरोबर होते, आधीच जुळवलेले होते.

"बरं," त्या म्हणाल्या. "पोरगं झालं का पोरगी?"

"पोरगी."

"चांगलं आहे. आता जरा सरका, मांगं लोकं आहेत."

मी बाहेर आलो तेव्हा बाकावर पुन्हा गर्दी झाली होती.

गडचिरोलीची बस स्टँडवर लागलेली होती. खिडकीपाशी जागा मिळाली. बस निघायला वेळ होता. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या टपरीवर शोभाबाई चहा प्यायला आल्या. टपरीवाल्याला काहीतरी म्हणाल्या, तो हसला, त्याही हसल्या. कप तोंडाला लावताना त्यांची नजर बसकडे आली आणि माझ्या खिडकीवर थांबली. त्यांनी मान फिरवली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फिरवली नाही, हातही केला नाही. स्टँडवरच्या कुठल्याही बसमधल्या कुठल्याही माणसाकडे पाहावं तसं पाहत त्यांनी चहा संपवला, कप ठेवला आणि बाजाराकडे चालत्या झाल्या.